गळ्यातली सवत

मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. माझ्या सवतीचं दूध तर वीस वर्षांत आटलंच नाही. शीला भाकरी करायची तर पापुद्रा सुटायचा. शीला मेंढ्यांना हाक मारायची तर करमाडच्या वेशीपर्यंत ऐकू जायची. शीलानं लावलेला शेवगा अजून शेंगा देतो. ही बाई मी डोळ्यांनी कधी पाहिलीसुद्धा नाही. रामहरीशी माझं लग्न झालं तेव्हा ती जाऊन वर्ष झालं होतं. तरी ती माझ्या गळ्यात होती, आणि हे मी उगीच म्हणत नाही.

आमच्या लोकांत पहिली बायको वारली आणि माणसानं दुसरं लग्न केलं, तर दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. टाक म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईचं तोंड उठवलेलं. सासूबाई बानाबाईंनी तो सराफ्यातल्या सोनाराकडून करून आणला आणि मांडवातच माझ्या गळ्यात बांधला. म्हणाल्या, "हिला इसरू नको, म्हंजे ही तुला तरास देणार नाय." नवी साडी आली की आधी टाकाला दाखवायची, मग आपण नेसायची. सणाच्या ताटातला पहिला घास तिच्या नावानं बाजूला काढायचा. फ्रीज घेतला तेव्हा मी टाक हातात घेऊन आधी त्याच्या दारापुढं धरला होता. हसू नका. माझ्या वाट्याला जे जे आलं ते तिचं बघून झाल्यावर आलं, नवरा धरून.

जहाजाचंही तसंच झालं. शीलानं करमाडच्या घरात चुलीमागच्या भिंतीला जुन्या कॅलेंडरचं एक पान चिकटवलं होतं. निळ्या समुद्रात पांढरं जहाज. पुढं आम्ही हर्सूलला घर घेतलं तेव्हा यांनी ते धुरकटलेलं पान अलगद सोडवून आणलं, त्याला फ्रेम केली आणि हॉलमध्ये टांगलं. येणारा जाणारा विचारायचा, हे काय हो? मग हे सांगायचे आणि मी चहा टाकायला आत जायची.

शीलाचा मुलगा प्रणय सहा वर्षांचा होता तेव्हापासून मी त्याला वाढवला. आता तो जर्मनीत नोकरीला आहे. वडील शेंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्याचा फोन आला. "बाबा, आईची लई इच्छा होती ना जहाजाची? मी दोघांचं बुकिंग केलंय. बार्सिलोनाहून निघतं." मग फोन माझ्याकडं आला. "मावशी, तुम्ही पण जायचं बरं का."

त्या 'पण'नं माझं डोकं फिरलं. गोवर आला तेव्हा त्याला मांडीवर घेऊन बसले ती मी, दहावीच्या परीक्षेला शाळेच्या फाटकाशी उन्हात उभी राहिले ती मी, आणि इच्छा कुणाची, तर आईची. पोरगं गुणाचं आहे, त्याचा काही दोष नाही. पण माझ्या पोटात दुखलं ते दुखलंच.

मी मूळची वेरूळची. लेण्यांच्या रस्त्यावर वडिलांची रसवंती होती. परगावची जोडपी बघत बघतच मी मोठी झाले. गाडीतून उतरायची, एकमेकांचे फोटो काढायची. नवरा बायकोच्या खांद्याला हात लावून म्हणायचा, बघ, बघ. मला वाटायचं, आपल्यालाही कुणीतरी कुठंतरी नेईल आणि असंच म्हणेल. तसे रामहरी वाईट नाहीत. दारू नाही, शिवी नाही, कधी हात उचलला नाही. फक्त माझ्याशी बोलताना त्यांचे डोळे माझ्या तोंडावरून हळूच खाली सरकतात आणि गळ्याशी थांबतात. लोकांना वाटत असेल, गडी या वयातही रंगेल आहे. ते कुणाला बघतात ते मला माहीत होतं.

म्हणून मी ठरवलं. समुद्र आधी मी बघणार. जहाजावरचा पहिला दिवस माझा एकटीचा. मग पुढच्या दिवसांचं काय व्हायचं ते होवो.

निघायच्या दिवशी अंघोळ झाल्यावर मी टाक सोडवला, देवघरातल्या कुंकवाच्या करंड्यात ठेवला आणि झाकण लावलं. मनात म्हटलं, शीलाबाई, घर सांभाळा. वरून बंद गळ्याचा कुर्ता घातला, म्हणजे यांना कळायला नको. रिक्षात बसल्यावर मान इतकी हलकी वाटली की मी दोनदा ती उगीचच फिरवून पाहिली.

दुसऱ्या दिवशी बार्सिलोनाच्या धक्क्यावर जहाज उभं होतं. हर्सूल जेलची भिंत मला आजवर लांब वाटायची. हे तिच्याहून लांब आणि वर मजल्यावर मजले. हे मान वर करून बघत राहिले. मी कानांत बोळे घालावेत तशी तयारी करून उभी होते, आता म्हणतील, शीलाच्या पानावर अगदी असंच होतं. पण यांनी नुसता शर्टाच्या खिशावर हात ठेवला.

सामान तपासायच्या ठिकाणी खिशातल्या वस्तू ट्रेमध्ये ठेवायला लावल्या. यांनी रुमालात बांधलेली बारीक पुरचुंडी ठेवली.

"काय हो ते?" मी विचारलं.

"काय नाय. बडीशेप," हे म्हणाले आणि पुरचुंडी झटकन परत खिशात घातली.

आत शिरताना एका फोटोवाल्या मुलीनं आम्हाला थांबवलं आणि हातानं खूण केली, जवळ या, आणखी जवळ. यांनी चारचौघांत माझ्या खांद्यावर हात टाकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या फोटोत मी नक्कीच येड्यासारखी हसत असणार.

खोली छोटी पण झकास होती. पांढरीशुभ्र गादी, त्यावर टॉवेलचा केलेला हत्ती, पुढं काचेचं दार आणि बाल्कनी. प्रवासानं तोंड आंबलं होतं म्हणून मी आधी तोंड धुवायला गेले. बाहेर आले तर हे बाल्कनीत उभे. मला पाहून खिशाशी चाळवाचाळव केली आणि हात पुढं केला.

"ये, सरिता. बघ, बघ!"

बघ, बघ. अगदी तेच शब्द. खाली पाणी होतं, पाण्यावर ऊन होतं, आणि माझा नवरा मला दाखवत होता. डोळे भरून आले ते मी वाऱ्यावर ढकललं. करंड्यातल्या बाईची आठवण झाली आणि खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. बस म्हटलं अंधारात. तुझं जहाज मी बघते आहे.

मग सगळ्यांना एका हॉलमध्ये बोलावून, बोट बुडायला लागली तर कुठं जमायचं ते समजावलं. हे कारखान्यातल्या माणसासारखे कान देऊन ऐकत होते. नंतर जेवण. काय घेऊ नि काय नको असं झालं. हे माझ्यासाठी ताट वाढून घेऊन आले, समोर बसले, हे घे, ते चाख, असं चाललं होतं. त्यांच्या ताटाच्या कडेला पावाचा एक तुकडा तसाच राहिला. मला वाटलं, आवडला नसेल. सकाळपासून त्यांच्या तोंडून तिचं नाव निघालं नव्हतं. मला तर वाटायला लागलं, खोट माझ्या गळ्यातच होती. ती काढली आणि संसार सुधारला.

जहाज सुटायच्या वेळी सगळे वरच्या डेकवर गेले. भोंगा असा वाजला की कठडा हाताखाली थरथरला. धक्का हळूहळू मागं सरकायला लागला. आजूबाजूची जोडपी एकमेकांना बिलगली. म्हातारी जोडपीसुद्धा.

"डोळे मीट," हे कानाशी म्हणाले.

असं मला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. मी मिटले. त्यांची बोटं माझ्या मानेशी आली, कुर्त्याचं वरचं बटण निघालं. वाटलं, चेन आणली असेल. मग छातीच्या हाडावर काहीतरी गार टेकलं. तो गारवा माझ्या ओळखीचा होता.

"घाईत इसरली व्हतीस," हे हसत म्हणाले. "निघताना दिवा लावाया गेलो तं करंड्यात ही. म्हनलं, तिथं गेल्यावर तुला चुकल्यावानी हुईल. म्हणून गुपचूप आणली. घरापासनं खिशात हाय."

मी डोळे उघडले. "घरापासनं?"

"व्हय. समदं दावलं तिला. जहाज दावलं, तू तोंड धुवाया गेली तवा समुद्र दावला. जेवताना घास बी काढला. रीत काय मोडली नाय मी, तू काळजी करू नको."

म्हणजे 'ये, बघ, बघ' म्हणण्याआधी ती बघून झाली होती. तिनं बघून उरलेला समुद्र मला मिळाला होता. मी बाल्कनीत उभी राहून ज्या गोष्टीसाठी रडले ती उष्टी होती. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की कठड्याला धरून उभं राहावं लागलं.

"इसरले नव्हते," मी म्हणाले. "ठेवून आले होते."

यांचं हसू तिथंच राहिलं. "का गं?"

"एक दिस मला पायजे होता. एकटीला. तुमी मला काय दावलं, तर आधी मलाच दावलं, असा एक दिस."

मी गाठ सोडली, टाक मुठीत घेतला आणि मूठ कठड्याबाहेर धरली. खाली पाणी फेसाळत मागं पळत होतं.

"सरिता!" यांचा आवाज फाटला.

मूठ उघडायला किती वेळ लागतो? पण तेवढ्यात माझ्या मनात आलं, इथं टाकली तर हा सगळा समुद्र कायमचा तिचा होणार. मग पाणी दिसलं की यांना तीच आठवणार, हर्सूलचा तलाव दिसला तरी. एवढी मोठी जागा मी तिला का देऊ?

मी हात आत घेतला. "वाका," म्हणाले.

"आं?"

"वाका म्हनते ना."

हे वाकले. मी टाक त्यांच्या गळ्यात बांधला आणि गाठ पक्की ओढली.

"अगं, गडी माणूस टाक घालतो व्हय? लोक काय म्हनतील?"

"इथं कोण हाय करमाडचं? बायको तुमची. वीस वरसं मी वागवली, आता तुमी वागवा. नाय जमलं तर सांगा, मग बघू."

त्यांनी टाकाला हात लावला, पण काढला नाही.

संध्याकाळी जेवायला बसलो ते समोरासमोर. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर ती लोंबत होती, माझ्याकडं तोंड करून. माझ्या गळ्यात होती तेव्हा तिचं तोंड सदा त्यांच्याकडं. मी घासूनपुसून ठेवायची, पण अशी समोर बसवून कधी पाहिली नव्हती. माझ्याच हातानं घासून घासून तिचं नाक झिजलं होतं, ओठ गेले होते. डोळे तेवढे राहिले होते, टपोरे. मला तिची दया यायला हवी होती. नाही आली. अजून जळतच होतं.

वेटरनं ताटं ठेवली. यांचा हात सवयीनं पहिला घास बाजूला काढायला गेला आणि माझ्याकडं बघून अर्ध्यावरच थांबला. मी वाट पाहिली नाही. तिच्या त्या टपोऱ्या डोळ्यांत डोळे घालून पहिला घास मी घेतला आणि सावकाश चावला.

हे काहीतरी बोलायला लागले. बोलताना त्यांचे डोळे नेहमीसारखे माझ्या तोंडावरून खाली सरकले, गळ्याशी आले. तिथं काहीच नव्हतं. क्षणभर ते तिथंच घुटमळले, मग परत वर आले आणि माझ्या तोंडावर थांबले.

"कसं लागतं?" त्यांनी मला विचारलं.