खिडकीकडे, मामा, खिडकीकडे

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. वय विचारू नका. अंगावरचा काळा रंग दोनदा उडाला आणि दोनदा लावून झाला, यावरून काय तो अंदाज करा. माझी गोष्ट सांगायची म्हटली की मला दम धरवत नाही, तरी शहाण्यासारखा पहिल्यापासून सांगतो.

एका थंड गावातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे एक बाई दिवसभर खाली मान घालून काच घासायच्या. घासायच्या, उजेडाकडे धरायच्या, नाक मुरडायच्या आणि पुन्हा घासायला घ्यायच्या. माझ्या भिंगाच्या वेळी त्यांनी नाक मुरडले नाही, नुसत्या "हं" म्हणाल्या. आयुष्यातले माझे पहिले कौतुक ते एवढेच, पण त्यावर मी कित्येक वर्षे काढली.

मग लाकडी पेटीत बसून मी एका विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात आलो. लांबोळक्या खोलीत माझे टेबल होते. एका हाताला मोठी खिडकी, दुसऱ्या हाताला दार. किती पोरे माझ्यात डोकावून गेली म्हणून सांगू! कांद्याचे साल पाहून तोंडाचा आ करणारी, डोळा मिटायचा सोडून तोंडच मिटणारी. एकाने तर स्वतःच्या पापणीचा केस पाहून नवा जीव सापडल्याची आरोळी ठोकली होती. त्या दिवशी मी हसून हसून बेजार झालो, पण लोखंडाचा असल्यामुळे कुणाला कळले नाही.

पुढे कॅमेरा आणि पडदा असलेले नवे यंत्र आले. कौतुकाचा सगळा ओघ तिकडे वळला आणि माझी रवानगी कपाटात झाली. चार वर्षे मी अंधारात होतो. खोटे कशाला बोलू, फार वाईट वाटायचे. विभागातले परिचर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते तेवढे महिन्यातून एकदा कपाट उघडायचे, ओल शोषणाऱ्या पुड्या बदलायचे आणि भिंग फुंकून पुसायचे. त्यांनी ते केले नसते तर बुरशीने माझे डोळे केव्हाच गेले असते.

आणि मग ती महासाथ आली. विद्यापीठाला कुलूप लागले. पण विभागप्रमुख बाई हातावर हात धरून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी चार दिवसांत सगळे वर्ग पडद्यावर नेले, शिक्षकांना कामे वाटून दिली आणि आवारातच राहणाऱ्या मामांसाठी रोज सकाळी दोन तासांची परवानगी मिळवली. झाडांना पाणी घालायचे, शीतकपाटे चालू आहेत ना ते पाहायचे, एवढेच त्यांचे काम होते.

आता ताईबद्दल सांगतो. ताई आमच्याच विभागात पीएचडी करत होती. तीन देशांतली तीन विद्यापीठे मिळून जुन्या तळ्यांचा अभ्यास करत होती. तळ्याच्या तळाचा गाळ काढायचा, तो काचपट्टीवर पसरायचा आणि त्यातले परागकण मोजायचे. त्यावरून हजारो वर्षांपूर्वी काठावर कोणती झाडे होती ते कळते. ताईच्या वाट्याला एक तळे आले होते आणि त्यात तिची चार वर्षे गेली होती. ती सहा महिन्यांसाठी दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात गेली आणि विमाने बंद झाल्यामुळे तिथेच अडकली. तिच्या चाळीस काचपट्ट्या इथे राहिल्या. पार्सल जाईना, माणूस येईना. मोजणी महिनाअखेरपर्यंत झाली नाही तर तिचे तळे अभ्यासातून वगळणार होते.

बाईंनी ठरवले की मामांनी पट्टी लावायची, फोटो पाठवायचे आणि ताईने तिकडून मोजायचे. पण नव्या यंत्राने पहिल्याच सकाळी मान टाकली. त्याला दर काही महिन्यांनी कंपनीच्या माणसाकडून परवाना वाढवून घ्यावा लागतो आणि तो माणूस दुसऱ्या गावी घरात कोंडलेला. पडद्यावर "मुदत संपली" एवढेच दिसत राहिले. मामा दोन मिनिटे त्या पडद्याकडे बघत उभे राहिले आणि मग कपाटाकडे वळले.

मित्रांनो, कपाटाचे दार उघडले तेव्हा मला काय वाटले ते सांगायला शब्द नाहीत! मामांनी पुठ्ठ्याची नळी करून आपला फोन रबराने माझ्या डोळ्याला बांधला. मी जरा ओशाळलो, पण नाटके करायची ती वेळ नव्हती.

या अभ्यासाचा नियम कडक होता. प्रत्येक पट्टी दोन देशांतल्या दोन माणसांनी, एकमेकांना न विचारता मोजायची. पट्टीच्या मधोमध शाईची रेघ होती आणि दोघांनी फक्त उजवा अर्धा भाग मोजायचा होता. एक मोजणी ताईची. दुसरी तिसऱ्या देशातल्या एका वयस्कर प्रोफेसरांची, जे लोकरीची टोपी घातल्याशिवाय कधी दिसले नाहीत. त्यांना आमची भाषा येत नव्हती, म्हणून ते कागदावर बाण काढून पडद्यासमोर धरायचे. बाण जिकडे, तिकडे मामा पट्टी सरकवायचे. ताईचे तसे नव्हते. ती बोलून सांगायची.

सहा पट्ट्या झाल्या आणि दोघांचे आकडे ताडून पाहिले, तर एकही जुळेना. जिथे ताईचे दोनशे दहा, तिथे प्रोफेसरांचे तीनशे चाळीस. बाईंनी सगळ्यांना एकत्र फोनवर घेतले. त्या ताईला मुलीसारखे मानत, पण नियमापुढे त्यांना मुलगीही दिसत नसे.

"अगं, आकडे जुळत नसतील तर मी स्वतःच कळवणार, हे तळं वगळा म्हणून," त्या म्हणाल्या. "कच्ची मोजणी आपल्या नावावर नको."

 तिकडून ताईने नाक ओढल्याचा आवाज आला.

मला सगळे ठाऊक होते! माझ्यातून पाहिले की सगळे उलटे दिसते. पट्टी उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे पळते. ताई मुरलेली, त्यामुळे ती मनातल्या मनात उलटवून, पट्टी कुठे न्यायची तेच सांगायची. मामा सव्वीस वर्षे मुरलेले, त्यामुळे ते तिचे बोलणे चित्राबद्दल आहे असे धरून हाताने पुन्हा उलटवायचे. दोघेही हुशार, म्हणून तर घोटाळा! नवखे असते तर पहिल्याच दिवशी अडखळले असते. चित्र हलताना दिसले असते तरी ताईला कळले असते, पण फोन अडकत अडकत चालायचा, म्हणून एकेक स्थिर फोटोच जात होता. ती सगळा वेळ रेघेच्या चुकीच्या बाजूचे कण मोजत होती. मी ओरडून सांगणार होतो, पण मला कुठली जीभ?

मग प्रोफेसरांनी त्यांचा एक फोटो सगळ्यांना दाखवला. हवेचा मोठा बुडबुडा आणि त्याला चिकटलेला एक फुटका परागकण. असला बुडबुडा आपण पाहिलाच नाही, असे ताई शपथेवर सांगू लागली. मामा इतका वेळ गप्प होते. मोठ्या माणसांच्या बोलण्यात ते तोंड घालत नसत. त्यांनी माझ्याकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले, दाराकडे पाहिले.

"ताई, तो बुडबुडा मी काल पाहिलाय," ते म्हणाले. "तो खिडकीकडच्या अंगाला आहे. तुम्ही मला सारखं दाराकडे पाठवता."

"मी तर तुम्हाला खिडकीकडे पाठवतेय, मामा."

 मग बाई हसायला लागल्या. त्यांना मी तीस वर्षांत असे हसताना पाहिले नव्हते.

त्या दिवसापासून डावे-उजवे बंद. ताई या खोलीत सात वर्षे वावरलेली, तिला दूरदेशी बसूनही खिडकी कुठे आणि दार कुठे ते पाठ होते. "खिडकीकडे, मामा, खिडकीकडे. बस. आता थोडं दाराकडे." दोन दिवसांत टोपीवाल्या प्रोफेसरांनीही बाणांचे कागद बाजूला ठेवले आणि ते "किरकी, किरकी" म्हणू लागले. मला तर हुरूप चढला होता.

अकरा दिवस उरले होते आणि पहिल्या सहा धरून चाळीसच्या चाळीस पट्ट्या मोजायच्या होत्या. बाईंनी कुलसचिवांच्या मागे लागून आणखी एक तास मिळवला. दिवसाला चार पट्ट्या होऊ लागल्या आणि आकडे जुळू लागले. सातव्या दिवशी मामा खोकले. संपलेच सगळे, असे मला वाटले. तपासणी झाली, दोन दिवस खोली बंद. फोनवर ताई रोज तब्येतच विचारत होती, पट्ट्यांचे एका शब्दाने काढत नव्हती, असे मामांनी नंतर पट्टी पुसता पुसता मला सांगितले. अहवाल चांगला आला. खोकला धुळीचा होता. आता सोळा पट्ट्या आणि तीन दिवस. बाईंनी पुन्हा कुलसचिवांना गाठले आणि दुपारपर्यंतची परवानगी आणली. माझा दिवा तापून लाल व्हायचा, मामा तो विझवून वारा घालायचे आणि पुन्हा लावायचे.

शेवटच्या दिवशी शेवटची पट्टी. दोघांनी मोजले, आपापला आकडा कागदावर लिहिला. बाईंनी एक, दोन, तीन म्हटले आणि दोन देशांतून दोन कागद एकदम वर आले. तीनशे बारा. तीनशे नऊ. एवढा फरक नियमात बसत होता. प्रोफेसरांनी टोपी काढून हवेत उडवली, तेव्हा कुठे कळले की त्यांना टक्कल आहे. ताई रडत होती आणि मामा फोनला सांगत होते, "आता कशाला रडताय? तळं राहिलं ना आपलं."

वर्षभराने कुलुपे निघाली. ताई परत आली ती थेट प्रयोगशाळेत. नवी मुले जमली होती. मामा नेहमीसारखे फडके घेऊन माझ्याजवळ उभे होते. बाईंनी स्टूल ओढून माझ्यासमोर ठेवले.

"बसा, मामा."

"मी पुसायला आलोय, बाई."

"पुसून झालं असेल तर बसा. परागकण कसे मोजायचे ते या मुलांना तुम्ही शिकवायचंय. पट्टी आज मी लावते."

सव्वीस वर्षे या खोलीत मामा उभेच होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आले. ते अवघडून स्टुलाच्या कडेवर टेकले. मग हळूहळू मागे सरकून नीट बसले आणि त्यांनी माझ्या भिंगाला डोळा लावला.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझ्यासारखे कुणीतरी कपाटात असेल. त्याला फेकू नका. भिंगाला बोट लावू नका, मऊ फडक्याने पुसा, ओलीपासून जपा. आणि ते फडके रोज ज्यांच्या हातात असते, त्यांना एकदा बसायला सांगा आणि आत काय दिसते ते विचारा.