तीन नावांचं जहाज

मारोती घरी पोचला तेव्हा त्याची आई तानाबाई दारात ऊन खात बसली होती, आणि आत देव्हाऱ्याच्या जागी नुसता कोनाडा उरला होता.

त्याला यायला फार उशीर झाला होता. 'लेडी अल्मेरा' या विलायती जहाजावर तो दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांपासून कामाला होता. या खेपेला सुएझचा कालवा बंद पडला, म्हणून जहाज अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला लागलं. मुंबईहून रेल्वेनं वर्धा, तिथून मोटारीनं राळेगाव, आणि पुढे कोसभर पायी. सत्तावन साल लागलं होतं. वाटेवरच्या वावरांमधली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वेचून होत आली होती.

"देव कुठं गेले वं माय?"

"नदीत," तानाबाई म्हणाली. "तुह्या बायकोले इचार."

इंदूबाई वेचणीवरून आली ती संध्याकाळी. अंगावर पांढरं लुगडं. नवऱ्याला पाहून ती क्षणभर थबकली, मग पदराच्या ओट्यातला उरलेला कापूस काढता काढता म्हणाली, "आमी बौद्ध झालो. वस्तीतल्या लोकाईसंगं मी नागपूरले गेलती. बुढीच्यानं चालवत नाई, तं तिले देवरावनं घरीच दीक्षा देली."

"माह्यासाठी थांबली नाईस?"

"कुठवर थांबू? तुमी तं समुद्रात."

दुसऱ्याच दिवशी देवरावनं मारोतीलाही दीक्षा दिली. देवराव वस्तीतला शिकलेला माणूस, लोक त्याचं ऐकत. मारोतीनं हात जोडून सारं म्हटलं आणि त्याला बरं वाटलं. मात्र जेवताना इंदूबाईनं जे काढलं त्यानं त्याचा घास हातातच राहिला.

"आमी मेलेलं ढोर ओढणं सोडलं," ती म्हणाली. "त्याच्यापाई गावातल्या वावरात कोनी कामाले बलावत नाई. दुसऱ्या गावाले जातो. पन सोडलं ते सोडलं. तुमी थे काम कायले करून राह्यले?"

"कोन्तं काम?"

"मले मालूम हाय."

साहेब लोकांच्या खोल्यांची व्यवस्था पाहतो, असं तो इतकी वर्षं सांगत आला होता. खरं तर तो टोपस होता. जहाजावरचे संडास, मोऱ्या, उलट्यांनी भरलेल्या बादल्या, हे टोपसाचं काम. मुंबईत भरती होतानाच ते ठरून जायचं. डेकवर कोकणातले आणि गुजरातेतले खलाशी, स्वयंपाकाला गोव्याचे लोक, आणि झाडूला मारोतीसारखे.

"जहाजावर जात कोनी इचारत नाई," तो म्हणाला.

"मंग झाडू तुमच्याच हातात काहून देते?"

मारोतीनं हातातला घास ताटात ठेवला. तानाबाई भाकर मोडत खाली मान घालून बसली होती. तिनंही मुलाची बाजू घेतली नाही.

तो मुंबईला परतला तेव्हा बंदरात वेगळीच धांदल चालली होती. इंग्रज कंपनीनं जहाज विकलं होतं. सदतीस वर्षांपूर्वी स्कॉटलंडात बांधलेलं ते जहाज कंपनीला आता जुनं वाटत होतं. घेणारा एक ग्रीक मालक होता. तो ग्रीस आणि इटलीतली गरीब माणसं ऑस्ट्रेलियात वसायला नेणार होता. गोरे अधिकारी सामान बांधून उतरत होते. भिंतीवरची राणीची तसबीर निघाली होती, तिच्या जागी फिकट चौकोन दिसत होता. हिंदी खलाशांपैकी ज्यांना राहायचं त्यांना नव्यानं भरती करून घेत होते.

मारोती टोपसांच्या रांगेत उभा राहिला नाही. तो डेकच्या खलाशांमागे जाऊन उभा राहिला.

सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. तो रत्नागिरीचा म्हातारा माणूस होता, मारोतीशी नेहमी बरा वागायचा. त्यानं हळूच सांगितलं, "मारोती, इकडं कुठं? आहे ते काम जाईल तुझं."

"जाऊ द्या," मारोती म्हणाला.

ग्रीक चीफ ऑफिसरचं नाव कोस्तास. तुटक्या इंग्रजीत त्यानं विचारलं, "काय येतं?"

"पेंटिंग, साहेब."

मारोतीनं आयुष्यात रंगाचा ब्रश धरला नव्हता. कोस्तासनं सारंगाकडे पाहिलं. सारंगानं एकदा मारोतीकडे पाहिलं, मग समुद्राकडे पाहत म्हणाला, "येतं त्याला."

त्याच दुपारी जहाजाच्या मागच्या बाजूला दोरांवर एक फळी सोडली आणि तिच्यावर मारोतीला बसवलं. खाली हिरवं-काळं पाणी, वर सारंगाच्या शिव्या. काम एकच होतं, जुनं नाव पुसायचं आणि नवं काढायचं. फळी हलली की तो ब्रश सोडून दोर धरायचा. पहिल्यांदा रंग ब्रशवर कमी आणि त्याच्या मांडीवर जास्त सांडला. मग हात बसत गेला.

'लेडी अल्मेरा'ची अक्षरं लोखंडातच उठवलेली होती. एकेक अक्षर तो काळ्या रंगाखाली घालत गेला. आपल्याला आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. याच जहाजाच्या पोटात त्यानं इतकी वर्षं वाकून काढली होती. पण शेवटच्या अक्षरावर ब्रश अडला. लढाईत हेच जहाज राखाडी रंग फासून सैनिक नेत होतं. शेजारची जहाजं पाणसुरुंगांनी फुटलेली त्यानं पाहिली होती. यानं मात्र त्याला दर खेपेला किनाऱ्यावर आणून सोडलं होतं. झाडू ज्यांनी दिला ती माणसं होती. जहाजानं काय केलं होतं?

त्यानं शेवटचं अक्षर पुसलं आणि कोस्तासनं खडूनं आखून दिलेल्या रेघांमध्ये पांढरा रंग भरला. 'एलेनी'. हे मालकाच्या आईचं नाव होतं.

पुढच्या सुटीत तो घरी आला तेव्हा बोटांच्या पेरांत रंग होता. इंदूबाईनं त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले. त्या दिवशी जेवायला वाढताना ती गात होती.

"मालकानं आपल्या मायचं नाव देलं म्हनता जहाजाले?" तानाबाईनं विचारलं. "पाह्य बाप्पा. माह्या पोरानं तं बकरीलेबी माहं नाव देलं नाई."

एलेनीवरची वर्षं मारोतीच्या मते चांगली गेली. ऑस्ट्रेलियाला जाणारी माणसं सायबांसारखी नव्हती. त्यांच्या सामानाला दोर बांधलेले असायचे, बायकांच्या डोक्यावर रुमाल असायचे. ग्रीसच्या बंदरातून जहाज सुटताना धक्क्यावर म्हाताऱ्या उभ्या राहायच्या आणि जहाजावरची माणसं किनारा दिसेनासा होईपर्यंत कठड्याला धरून असायची. त्यांची भाषा त्याला कळत नव्हती. रडणं कळत होतं. एकदा एका बाईनं त्याच्या हातावर मूठभर बदाम ठेवले आणि आपल्या छातीवर हात ठेवून गावाचं नाव सांगितलं. त्यानंही छातीवर हात ठेवून सांगितलं, "राळेगाव." तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं.

एकसष्ट साली ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर नवी, वेगवान जहाजं आली, ग्रीक मालकाला हे जुनं परवडेना. ते मुंबईच्या एका हज कंपनीनं घेतलं. मारोती पुन्हा फळीवर उतरला. या वेळी कोणाला आखून द्यावं लागलं नाही. 'बाब-ए-रहमत'. एका मौलवींनी त्याला अर्थ सांगितला, दयेचा दरवाजा.

जिथं गोऱ्या बायका नाचायच्या त्या दालनात आता यात्रेकरूंच्या पथाऱ्या लागल्या. मारोतीनं काब्याची दिशा दाखवायला एक लाकडी बाण करून हिरवा रंगवला. जहाज वळलं की अधिकारी सांगे आणि मारोती बाण फिरवे. विदर्भातल्या पुसदचा, दारव्ह्याचा कुणी यात्रेकरू भेटला की दोघं डेकवर बसून कापसाच्या गोष्टी करत.

पण जहाज थकलं होतं. भर समुद्रात यंत्र बंद पडायचं, पत्रे इतके पातळ झाले होते की रंगाखालून गंज फुगून यायचा. मारोती खरवडायचा आणि रंगवायचा, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. सहासष्टच्या सुरुवातीला कंपनीनं ते मोडीत काढलं. खलाशांना घरी धाडलं.

"मोडनार म्हंजे?" इंदूबाईनं विचारलं.

"तोडून लोखंड इकनार."

ती तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "मले पाहाचं हाय थे."

"आता काय राह्यलं त्यात पाहाले?"

"माहा नवरा अर्धी उमर ज्याच्यात राह्यला, थे मी पाहू नाई?"

तानाबाईला शेजारच्या सत्यभामेच्या हवाली करून ती दोघं मुंबईला गेली. दारूखाना या जहाजं तोडायच्या बंदराच्या चिखलात, भरतीच्या वेळी ओढून आणलेलं जहाज एका अंगावर कलून उभं होतं. पुढचा भाग कापला होता. आतले मजले फोडलेल्या कणसासारखे उघडे पडले होते. इंदूबाई कितीतरी वेळ मान वर करून पाहत राहिली.

"एवढं मोठं?" ती म्हणाली. "तुमी कधी सांगतलं नाई."

"सांगतलं असतं तं खरं वाटलं असतं?"

तोडकामाचा मुकादम भला निघाला. मारोती या जहाजावर होता असं कळल्यावर त्यानं वर जाऊ दिलं. इंदूबाईनं काष्टा खोचला आणि झाडावर चढावं तशी शिडी चढली. मारोतीनं तिला सारं दाखवलं. जिथं तो निजायचा ती खालची कोंदट खोली, हजवाल्यांचं दालन, आणि ज्या अरुंद बोळातून टोपसांना जावं लागे तो बोळही. तिथं ती थांबली. भिंतीला हात लावून पाहिला. "इथूनच?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली.

मग ती पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात आली. गालिचे गेले होते, आरसे गेले होते. खुर्च्याही बहुतेक उपटून नेल्या होत्या, कोपऱ्यात दोन-तीन उरल्या होत्या. एकेका लोखंडी पायावर जमिनीला आवळलेल्या, बसल्या जागी गोल फिरणाऱ्या खुर्च्या. जहाज डोललं तरी साहेब पडू नये म्हणून.

इंदूबाई एकीवर बसली. पाय टेकून तिनं खुर्ची थोडी फिरवली आणि हसली. मारोती तिच्यासमोर उभाच होता, हात मागे बांधून.

"बसा ना."

"राहू दे."

"बसा म्हनते मी. आता कोन हाय इथं?"

तो समोरच्या खुर्चीवर बसला. या खुर्च्यांचे पाय त्यानं कितीदा रंगवले होते, पण बसणं कधी सुचलंच नव्हतं. दोघं तशीच समोरासमोर बसून राहिली. खालून हातोड्यांचे आवाज येत होते आणि प्रत्येक घावानं खुर्ची थरथरत होती. मारोतीचे डोळे भरून आले. ते कशासाठी, जहाज चाललं म्हणून की इतका उशीर झाला म्हणून, हे त्याचं त्याला कळलं नाही.

उतरताना मुकादम म्हणाला, "काही पाहिजे तर न्या एखादी वस्तू."

मारोती संकोचला. इंदूबाई म्हणाली, "थे खुर्ची."

एका पायाची खुर्ची रेल्वेत उभी राहीना, आडवी ठेवली तर लोक अडखळत. वर्ध्यापासून ती मोटारीच्या टपावर आली आणि राळेगावहून मारोतीच्या डोक्यावर. वस्तीत आल्यावर तिचं करायचं काय, हा प्रश्न पडला. घरातल्या शेणानं सारवलेल्या जमिनीत ती ठरेना. शेवटी देवरावनं अंगणात खड्डा खणला, दगड घातले, शाळेच्या बांधकामातलं उरलेलं सिमेंट मागून आणलं. सिमेंट वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं त्यानं बजावलं. वस्ती रोज येऊन बघून जात होती.

पहिल्यांदा कुणी बसायचं यावर वाद झाला नाही. इंदूबाईनं सासूला धरून आणलं आणि बसवलं. तानाबाईला आता अंधूक दिसत होतं. तिनं दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.

"पडीन वं मी!"

"नाई पडत माय," मारोती म्हणाला. "समुद्रात कोनी पडलं नाई हिच्यावरून."

त्यानं खुर्ची अगदी सावकाश फिरवली.

"हे काय दिसते?" तानाबाईनं विचारलं.

"राळेगावचा रस्ता."

"अन् हे पांढरं?"

"गावातल्या वावराची पऱ्हाटी. यंदा लय फुटली."

"अन् आता?"

"आपलं घर."

"घर तं रोजच पाह्यते मी," तानाबाई म्हणाली. "फिरव अजून."