लाजू नका, लिवा

शिरपूरच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागल्यावर वैजयंतीनं उत्साहानं एक ऑनलाइन फॉर्म बनवला. नवी पुस्तकं घ्यायची होती, तेव्हा वाचकांनाच विचारावं म्हणून. पहिला प्रश्न तिनं मोठ्या झोकात लिहिला : 'आपणांस कोणत्या विषयावरील ग्रंथसंपदा अभिप्रेत आहे?' लिंक ग्रुपवर टाकली. आठवडा गेला तरी उत्तर एकच, तेही अध्यक्ष नेमीचंद शेठचं : 'ठीक आहे.'

वैतागून तिनं लिंक पुन्हा टाकली. घाईघाईत टाकली ती नेमकी फॉर्म बदलण्याची!

सकाळी कॉम्प्युटर उघडला, तर उत्तरांचा ढीग. ती हरखलीच. मग तिनं प्रश्न पाहिला. तिथं होतं : 'कोनतं पुस्तक पाह्यजे? लाजू नका, लिवा.' ग्रुपवर रात्रीचा निरोप होता गोजराबाईंचा : 'सवाल सोपा केला. पयल्या लिंकवर भरा सारे जन.'

गोजराबाई म्हणजे दर बाजाराला वाणसामानासोबत मासिक नेणारी बाई. वैजयंतीनं तणतणत फोन लावला.

"काकू, फॉर्म काहून बदलला?"

"बदलता येऊन राह्यलं, म्हून बदलला. मले तं वाटलं, तू मुद्दाम आमच्या हाती देला."

"अहो, पण अध्यक्षांनी पाहिलं तर?"

"त्यायनंच तं नव्या सवालाचं पयलं उत्तर भरलं. पाह्य ना!"

वैजयंतीनं पाहिलं. नेमीचंद शेठनं लिहिलं होतं : 'भुताच्या गोष्टी. घरी सांगू नका.' त्याखाली कुणाला शिवणकामाचं पुस्तक हवं होतं, कुणाला शेळ्यांच्या आजारांचं, तर पानाबाईंना कुठलंही चालणार होतं, फक्त अक्षर मोठं पाहिजे. जुना प्रश्न परत टाकायला सरसावलेला तिचा हात माउसवरच थांबला. तिला हसू आवरेना.

"काकू, आहात ना फोनवर?"

"हाओ, बोल."

"वाचनालयाची वेळ कोणती ठेवावी, तेही विचारायचं आहे. मी लिहिलंय, 'आपणांस सोयीस्कर असा कालावधी...'"

"थांब, थांब," गोजराबाई म्हणाल्या. "तुरीले पानी लावून येतो अन् मंग बसू दोघी."

दुपारी त्या खरंच आल्या. पायाची माती दारात झटकली, खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली आणि चष्मा लावून म्हणाल्या, "हं, वाच तुवा सवाल."