दोन झाकणांचा डबा

मित्रांनो, मी चहाचा एक जुना डबा आहे. गोष्ट सांगायला बसलोय खरा, पण आधी एक सांगा, तुमचे हात कोरडे आहेत ना? आणि तुमच्यापैकी कोणी आत्ताच लसूण सोलून तर आलेलं नाही? रागावू नका. माझा स्वभावच संशयी. ओल, उजेड, वाफ आणि शेजाऱ्यांचे वास, या चोरांना दारातच अडवायचं ज्याचं काम, तो भोळा राहून कसं चालेल?

माझा जन्म पत्र्याचे डबे करणाऱ्या एका कारागिराकडे झाला. मी लोखंडी पत्र्याचा, वरून कथलाचा मुलामा दिलेला. कारागिराने माझ्या सांध्याला डाख दिला, म्हणजे धातू वितळवून फट बुजवली, आणि मग मला उन्हाकडे धरून आत डोळा लावला. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला असता तरी माझी रवानगी पुन्हा शेगडीकडे झाली असती. मला वाटतं, संशय मी त्याच्याकडूनच घेतला. त्याने मला झाकणंही दोन केली. आतलं, बोटाने उचलायची कडी असलेलं, आणि वरचं, टोपीसारखं घट्ट बसणारं.

एके दिवशी दुकानात एक जोडपं आलं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. पुढे अख्खं घर त्या दोघांना आई आणि बाबा म्हणू लागलं, म्हणून मीही तेच म्हणतो. बाबांची नजर पितळेच्या डब्यावर गेली.

"हा बघ, काय झळकतोय!"

"झळकतोय, पण घासणार कोण? तुम्ही?" आई म्हणाली, आणि पितळेचा विषय तिथेच मिटला.

ॲल्युमिनियमच्या डब्याचं झाकण तिने एका बोटाने फिरवलं, तर ते गरगर फिरलं. "हे झाकण नुसतं नावाला," म्हणून तिने तोही बाजूला सारला. मग तिने एकेका डब्यात नाक घालून वास घेतला. दुकानदार बघतच राहिला. कुणाला तेलाचा वास होता, कुणाला रंगाचा. मला कसलाच नव्हता.

"ज्याला स्वतःचा वास नाही, तोच दुसऱ्याचा सांभाळेल," ती म्हणाली. माझं इतकं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. बाबा म्हणाले, घेतोच आहोत तर मोठा घेऊ. पण तिने मान हलवली. "पाव किलोचाच बरा. मोठ्यात चहा तळाला आणि वर नुसती हवा."

अशी माझी नोकरी सुरू झाली. आईने मला चुलीपासून लांब, अंधाऱ्या कोनाड्यात ठेवलं. माझ्या शेजारी कुणी एकदा कॉफीची बाटली आणून ठेवली, ती आईने त्याच दिवशी हलवली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं होतं ना! माझ्यात ओला चमचा घालायची कुणाची छाती नव्हती. दुपारी ती आतलं झाकण उचलायची, 'फुस्' असा आवाज यायचा, आणि समोरच्या खोलीत घड्याळाच्या चाकांवर वाकलेले बाबा मान वर करायचे. घरी आलेला पाहुणा पहिला घोट घेऊन विचारायचा, "चहा कुठून आणता हो?" मला कुणी विचारायचं नाही. पण मी मनात खूश असायचो.

दिवस गेले. मुलं मोठी झाली, थोरली सून आली. आई गेली, तेव्हा मी बरेच दिवस उघडलोच गेलो नाही. मग थोरलीने सगळं हाती घेतलं आणि आईच्या पद्धतीने चालवलं. पण आईने पद्धत शिकवली होती, तिच्यामागचं कारण कधी सांगितलं नव्हतं, आणि थोरलीने विचारलंही नव्हतं.

मग धाकटी सून आली. येताना माहेरहून स्टीलच्या डब्यांची एक चळत घेऊन आली. चकचकीत, एकसारखे, एकापेक्षा एक मोठे. घराला काहीतरी छान द्यावं, एवढाच तिचा हेतू. सगळ्यात मोठ्या डब्यात तिने चहा ओतला. तो डबा मावायला एकच फळी मोकळी होती, चुलीच्या बरोब्बर वर. थोरली बघत होती. नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात कशाला टोका, म्हणून ती बोलली नाही. माझ्यात मात्र बटणं, हुक, सुया आणि दोऱ्याची रिळं भरली गेली, आणि मी स्वयंपाकघराच्या दारासमोरच्या कपाटावर जाऊन बसलो. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पण तिथून सगळं दिसायचं, आणि संशयी माणसाला (डब्यालाही) आणखी काय हवं?

त्या मोठ्या डब्याचं झाकण एका बाजूने किंचित उचललेलं होतं. खाली कांदा परतला जायचा, भात शिजायचा, आणि वाफ वर जाऊन हळूच आत शिरायची. मी ओरडत होतो. पण डब्याचं ओरडणं कोण ऐकणार?

थोड्याच दिवसांत बाबा अर्धा कप तसाच ठेवून उठू लागले. चहा तेच आणायचे, नेहमीच्याच दुकानातून. त्यांनी आधी दुकानदारावर संशय घेतला. एकदा परत येऊन त्यांनी पिशवी ठेवली आणि म्हणाले, "तो म्हणतो, माल तोच आहे बाबा. घरीच काय होतंय ते बघा."

झालं! एवढं वाक्य घरात पडलं आणि सगळ्यांच्या मनात पाल चुकचुकली.

धाकटी माहेरी निघाली, की थोरली तिची पिशवी 'जरा धरते' म्हणून हातात घ्यायची आणि वजनाचा अंदाज घ्यायची. तिला वाटत होतं, चांगली पत्ती माहेरी जाते आणि इथे कसली तरी भुकटी मिसळली जाते. थोरलीच्या खोलीतल्या कपाटाला कुलूप असायचं. ते उघडल्याचा आवाज आला, की धाकटी भाजी चिरता चिरता थांबायची. तिला वाटत होतं, चांगली पत्ती त्या कपाटात आहे. दोघी एकमेकींशी गोड बोलायच्या. मला तर त्या गोडपणाचीच जास्त भीती वाटायची.

एकदा बाबांनी चहाचा कप मोरीत ओतला. थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं नक्की."

मित्रांनो, ती शब्दशः खरं बोलत होती! पाणी खरंच मुरत होतं, फळीवरच्या डब्यात. पण धाकटीला ते भलतीकडेच लागलं. तिचे डोळे भरून आले. संध्याकाळी धाकट्याने एक नवी शेगडी आणली आणि खोक्यासकट व्हरांड्यात ठेवली. "आम्ही आमची चूल वेगळी मांडतो," तो बाबांना म्हणाला. दोन चुलींच्या घरात आपला चहा कुठे होणार, हे त्यांनी विचारलं नाही, पण त्या खोक्याकडे ते ज्या नजरेने बघत होते ती मी पाहिली आहे. आईने जोडलेलं घर त्यांच्या डोळ्यांदेखत दोन होणार होतं.

रविवारी भांडी वाटायला काढली. तेवढ्यात बाबांच्या सदऱ्याचं बटण तुटलं. "आणा, मी लावून देते," धाकटी म्हणाली. जाता जाता एवढं तरी करावं, असं तिला वाटलं असेल. तिने मला खाली काढलं, वरचं झाकण काढलं, आतलं उचललं. फुस्!

ती जागच्या जागी थांबली. मग तिने माझ्यात नाक घातलं.

"वहिनी, जरा इकडे या. याचा वास घ्या."

थोरली आली, वास घेतला, आणि तिचा चेहरा बदलला. "म्हणजे चहा तू यात लपवत होतीस?"

धाकटीने मला सरळ उपडं केलं. बटणं घरभर घरंगळली, रिळं सुटली, हुक सांडले. चहाची एक पत्तीही पडली नाही.

थोरली खाली बसली. तिने एक रीळ नाकाला लावलं, मग एक बटण. मग उठून फळीवरचा मोठा डबा काढला, उघडला आणि चिमूटभर पत्ती बोटांत चुरून बघितली. पत्ती चुरलीच नाही, नुसती वाकली.

"अगं," ती हळूच म्हणाली, "बटणाला चहाचा वास येतोय, आणि चहाला कांद्याचा!"

कोण आधी हसलं, ते मला सांगता येणार नाही. पण हसता हसता थोरली रडू लागली. "मला वाटलं गं, तू माहेरी नेतेस."

"आणि मला वाटलं, तुम्ही कपाटात ठेवता."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

त्यानंतर बराच वेळ दोघी जमिनीवर बसून बटणं वेचत होत्या. दुसऱ्या दिवशी मला धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, ताजा चहा भरून कोनाड्यात बसवलं. स्टीलच्या डब्यात आता पीठ असतं, आणि ते काम तो चोख करतो. बाबांनी पहिला कप संपवला आणि रिकामा कप पुन्हा पुढे केला. मग स्वतःच उठून ते शेगडीचं खोकं दुकानात परत देऊन आले.

तेव्हा मित्रांनो, चहाला डबा घ्याल तर चकाकीवर जाऊ नका. लहान घ्या, बिनवासाचा घ्या, झाकण घट्ट बसतं का ते बघा, आणि त्याला चुलीपासून लांब ठेवा. मात्र मनात संशय आला तर तो माझ्यासारखा आत कोंडून बसू नका. मला तोंड आहे, पण ते फक्त चहा घ्यायला आणि द्यायला. तुम्हाला बोलता येतं. एक प्रश्न कुणी कुणाला विचारला नाही, म्हणून आमचं घर मोडता मोडता राहिलं.