दुसऱ्याचं रक्त

मानसिंग श्रीपूरच्या साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा आणि रोज प्यायचा. डॉक्टरांनी लिव्हरसाठी रक्त तपासायला सांगितलं, तेव्हा तो एकटाच लॅबमध्ये गेला आणि दोन दिवसांनी हसत रिपोर्ट घेऊन आला. सगळं नॉर्मल होतं.

त्याच्या बायकोला, रेश्माला, ते पटेना. सकाळी ज्याचे हात कापतात, त्याचं रक्त इतकं चांगलं कसं? तिनं कागद पुन्हा वाचला. खाली रक्तगट ‘ओ’ लिहिला होता. थोरल्या मुलीच्या जन्मावेळी मानसिंगनं रेश्माला रक्त दिलं होतं, आणि तेव्हा दोघांचा गट ‘बी’ निघाला होता.

“ह्ये रक्त कुणाचं हाय? खरं सांगा.”

मानसिंगनं तिच्या हातातला कागद काढून घेतला. मग म्हणाला, “अजिंक्यनं दिलं माज्या नावानं. मला भ्या वाटत हुतं.”

अजिंक्य त्याचा धाकटा भाऊ, सुपारीही न खाणारा.

दुसऱ्या दिवशी रेश्मा मानसिंगला सोलापूरला घेऊन गेली आणि सुई टोचेपर्यंत शेजारून हलली नाही. या वेळी लिव्हरचे आकडे नॉर्मलच्या चौपट आले.

“आज सोडलीत तर लिव्हर सावरेल,” डॉक्टर म्हणाले.

मानसिंगनं मान डोलावली. रेश्मानं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

“पुन्हा रक्त कधी तपासायचं?” तिनं डॉक्टरांना विचारलं. “मी संगं येणार हाय.”