बुक्क्याच्या खुणा

या, असे जवळ या, सतरंजीवर जागा आहे. निमकरबुवांच्या आवाजाची गोष्ट सांगतो.

आमच्या दत्तमंदिरात कीर्तन चालू असताना बुवांचा आवाज लाउडस्पीकरच्या पेटीत पडला. पूर्वरंग झाल्यावर मी त्यांना हार घातला, बुक्का लावला. त्यांनी मला लावला. मग ध्रुवाचं आख्यान. "देवानं शंख" एवढं म्हणाले आणि आवाज तारेतून आत गेला.

कीर्तन पुरं झाल्याशिवाय बुवांना बसता येत नाही. ते उभेच राहिले. आरती व्हायची होती, म्हणून लोकही उठले नाहीत.

रेडिओदुरुस्ती हा माझा धंदा. मी पेटी उघडली. सर्किटच्या तांब्याच्या पट्टीखाली आवाज केसासारखा पडला होता. हातातल्या ड्रिलनं भोक पाडलं, तर टोक थरथरलं आणि "ध्रु, ध्रु" असं बाहेर आलं.

"अहो, तोतरं कराल त्यांना!" बुवांच्या पत्नी उमाकाकू म्हणाल्या. "नीट यंत्र करा आधी. पाय बघा त्यांचे, खांब झालेत."

तिथंच बसून ड्रिल सरळ उतरवणारं यंत्र केलं. शिलाई मशीनची मोटर, टेबलाच्या खणाची सरकपट्टी, टोक खाली दाबायला दांडा, परत वर यायला बाजाच्या पेटीची स्प्रिंग. काटकोन बघायला सुताराचा गुण्या लावून पाहिला. तांब्याच्या पट्टीवर पेन्सिल उठेना, म्हणून बुक्क्याचे ठिपके दिले.

टोक सरळ उतरलं. "ध्रुवाच्या," आवाज स्वच्छ आला. बायकांनी हात जोडले.

प्रत्येक भोकासरशी सभामंडप थोडा आत येऊ लागला.

"जरा सरका की."

"सरकतोय हो, भिंतही सरकतेय."

लोकांनी गुडघे पोटाशी घेतले. कळस माझ्या पाठीला टेकला. "गालाला," आवाज म्हणाला. वाक्यातला आता एकच शब्द आत उरला होता, आणि तांब्याच्या पट्टीवर ठिपका उरला नव्हता.

"शेवटची खूण कुठंय?" काकूंनी विचारलं.

बुवांनी माझ्या कपाळाकडे बोट केलं. त्यांनीच लावलेला बुक्का तिथं होता. मंडप इतका आवळला होता की माझं डोकं आधीच टोकाखाली आलं होतं.

"दुखेल का हो?" काकूंनी दांडा धरला.

"सरळ उतरलं तर नाही. यंत्र चांगलं झालंय."

बुवा अजून उभेच आहेत. मोटर फिरतेय, तुम्हालाही ऐकू येत असेल. मी मान हलवत नाही. तुम्ही एवढं करा: शब्द बाहेर आला की आरतीच्या गडबडीत बुवांची आठवण ठेवा. आधी त्यांना बसवा.