राहून गेलेला ठिपका

“काचबाई, रोग बराच पुढे गेलेला दिसतोय. ह्या पेशंटची सहा वर्षांपूर्वीची काच आपल्याकडे असेल ना? जरा काढता?” सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भिंगाखालच्या काचपट्टीवरच्या चिठ्ठीवर काचबाईंच्या धाकट्या बहिणीचं नाव होतं. ती बाहेर बाकावर वाट बघत बसली होती.

गर्भाशयाच्या मुखावरून घेतलेल्या पेशी डोळ्यांत तेल घालून तपासायच्या आणि संशय आला की काचेवर हिरव्या शाईचा ठिपका द्यायचा, हे बाईंचं एकतीस वर्षांचं काम. नात्यातल्या माणसाची काच दुसऱ्याने बघायची, असा तिथला नियम. पण सहा वर्षांपूर्वी धाकटी हट्टाला पेटली होती. “ताई, तूच बघ गं. परक्यांचा काय भरवसा!” वर शेजारच्या स्टुलावर बसून लेकीच्या लग्नाच्या गप्पा. बाईंनी हसत हसत ‘ठीक’ लिहून टाकलं होतं.

कपाटातली ती जुनी काच त्यांनी भिंगाखाली धरली. मधोमध सगळं ठीक. शेवटच्या कोपऱ्यात मात्र सात-आठ पेशी, केंद्रकं फुगलेली, काळपट, भोवती पांढरं कडं. ठिपका नव्हता.

पुढचं त्यांना पाठ होतं. नव्या मुलींना ते त्याच तर शिकवायच्या. डीएनए तुटला की पेशीतलं एक राखणदार प्रथिन वाढ थांबवतं, आधी दुरुस्ती करायला लावतं, नाहीच जमलं तर पेशीला मरायला लावतं. ह्या कर्करोगामागच्या विषाणूचं प्रथिन आधी ह्या राखणदाराचाच काटा काढतं. मग मोडका डीएनए घेऊन पेशी वाढत राहते, वर्षानुवर्षं, काही दुखत नाही की खुपत नाही.

जुनी काच ‘सापडली नाही’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. धाकटीचे उपचार त्याने बदलणार नव्हते. पण एक काच चुकली की त्या महिन्याच्या सगळ्या पुन्हा बघाव्या लागतात. दोनशे बायका. त्यातली कोण आज निर्धास्त स्वयंपाक करत असेल, कोण जाणे.

बाईंनी हिरव्या पेनाचं टोपण काढलं. ठिपका नेमका पडला.

“ही माझ्याकडून सुटली. बहीण आहे माझी. मी बघायलाच नको होती.”

डॉक्टरीणबाईंनी ती काच स्वतःच्या भिंगाखाली सरकवली. “त्या महिन्याच्या सगळ्या काढाव्या लागतील. कोण बघणार?”

“मी नाही.”

खुर्चीवरची आपली उशी काखेत मारून बाई बाहेर आल्या.

“आजची काचही तूच बघितलीस ना ताई?” धाकटी हसली. “मग मला कसला घोर!”

बाईंनी उशी बाकावर ठेवली.

“ह्यावर बस,” त्या म्हणाल्या. “सांगायला वेळ लागेल.”